समोरचा खांब

पहाटे साडेपाचला मी काठी घेऊन बाहेर येतो.
टोकाला रबरी वाटी असलेली लांब काठी.
तिनं प्लास्टिकचे आकडे खांबावरून उतरवायचे,
चढवायचे.
रस्त्यापलीकडे ऑर्विल स्टुट्झमन
त्याची काठी घेऊन उभा.
मिलर्स फोर्क, इंडियाना, अजून झोपलेलं.
आम्ही दोघं आपापल्या खांबाखाली
चिंचा पाडायला आल्यासारखे, माना वर.

त्यानं तीन एकोणतीस केलं की मी तीन एकोणतीस.
एखाद्या मंगळवारी मी दोन सेंट उतरलो
की माझा चहा निवायच्या आत तोही उतरायचा.
शेवटचा बारका नऊ, सेंटाचा नऊ-दशांश,
तो मात्र दोघांकडेही स्क्रूनं पक्का.
तेवढं कधीच ठरवावं लागलं नाही.

अकरा वर्षं.
भावाबद्दल एक शब्द बोललात तर कोर्ट, असं वकिलानं बजावलेलं,
म्हणून आम्ही बर्फाबद्दलही बोललो नाही.

सांगलीला वडील हळदीच्या सौद्यात असत.
रुमालाखाली दोन हात, बोटांवर बोटं,
आणि चेहरे दोघांचेही
कुणाच्या दहाव्याला आल्यासारखे.
भाव फक्त कातडीला कळायचा.
इथं रुमाल नाही.
इथं भाव पाऊण मैलावरून दिसतो
आणि हात कुणी कुणाचा धरलेला नसतो.

बारावीला पूर्ण स्पर्धा होती.
असंख्य विक्रेते, एकजिनसी वस्तू, सर्वांना सर्व ठाऊक.
आठ गुणांचा प्रश्न, मी आकृतीसकट सोडवला.
तेवढीच आमची भेट.
नंतर ती सांगलीत दिसली नाही,
इथं तर नाहीच.

मुलगी पर्ड्यूला शिकते.
तिनं पावतीच्या पाठीमागे चौकोन काढला, चार घरं:
तुम्ही उतरलात, तो नाही. तो उतरला, तुम्ही नाही.
दोघं. कुणीच नाही.
म्हटलं, मृण्मयी, तो रविवार कुठल्या घरात गं?
त्याच्या बायकोला ॲम्ब्युलन्समधून नेलं,
त्याचा खांब तसाच राहिला
आणि मीही माझा हलवला नाही.
ती म्हणाली, बाबा, ते धरत नाहीत.
इतर परिस्थिती कायम असताना, असं असतं.

फेब्रुवारीत त्याचे दिवे लागले नाहीत.
चर्चबाहेर गाड्या, मग चार दिवसांनी जेसीबी,
जमिनीतून टाक्या काढल्या, किडलेल्या दाढांसारख्या.
आता लोगन्सपोर्टपर्यंत अठरा मैल
मी एकटा.

मक्तेदारी. शब्द कसा जरीकाठी वाटतो.
प्रत्यक्षात मी दोन सेंट वाढवले
आणि काहीच झालं नाही.
आणखी चार. मग सहा.
शाळेची बस चालवणारी लोरीन
पंधराऐवजी दहा डॉलरचं भरू लागली,
नोट काउंटरवर ठेवताना
पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता.
दर वेळी काठी खाली घेतली
की मी सवयीनं पलीकडे पाहायचो.
जास्त झालं का, हे तिथून कळायचं.

काल त्याचा मुलगा एक खोकं देऊन गेला.
डॅडचे आकडे, तुम्हाला उपयोगी पडतील.
रात्री गल्ल्यापाशी बसून लावून पाहिले.
शून्य, एक, दोन कडेला झिजलेले, नऊ पुष्कळ.
चार एकही नाही.
मग आठवलं, चार वरच आहेत.
तीन चव्वेचाळीस.
कुणी उतरवलेच नाहीत.

आज पहाटे माझ्या खांबावर तीन एकोणसाठ होतं.
मी पाच काढला, नऊ काढला,
माझ्याकडचे दोन चार शोधून चढवले.
बरोबरी झाली.
मृण्मयीला सांगणार नाही, ती घर विचारेल.
आजच्यापुरतंच.
उद्याचं उद्या, काठी हातात घेतल्यावर.